पाया आणि पेढी : आमच्या घरच्या ठेकेदारीचा अभ्यास

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

भूमी, श्रम, भांडवल आणि संघटन हे उत्पादनाचे चार घटक आपण सर्वांनी पहिल्या वर्षालाच पाठ केले आहेत. पैकी पहिल्या तिघांची ओळख पटावयास वेळ लागत नाही. चौथा मात्र पुस्तकात जरा धूसरच राहतो. मार्शलने त्याला महत्त्वाचे स्थान दिले, पुढच्या लेखकांनी त्याला कधी व्यवस्थापन तर कधी उद्योजकता म्हटले. पण तो प्रत्यक्षात दिसतो कसा, आणि तो कमी पडला म्हणजे नेमके काय घडते, हे त्यातून उमजत नाही. आमच्या विभागात प्रत्येकाने एका स्थानिक व्यवसायाचा अभ्यास करावयाचे ठरले, तेव्हा मी दूर न जाता आमच्या घरचाच व्यवसाय निवडला. लातूर शहरात व आसपासच्या गावांत इमारतींचे पाये खणून त्यांत काँक्रीट भरून देणे, हा तो व्यवसाय होय.

यासाठी मी घरातल्या जुन्या वह्या, हजेरीपट, बिलांच्या नकला आणि बँकेची पासबुके वाचली. वडील, काका, आजी आणि दोन जुने मुकादम यांच्याशी अनेक दिवस बोलले. विषय घरचा असल्यामुळे लेखात थोडा पक्षपात शिरण्याचा संभव आहे. तो वाचकांनी वजा करून घ्यावा. माणसांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

हा माल कसला?

कापड गिऱ्हाईक बोटांनी चाचपून पाहते, धान्य मुठीत घेऊन पाहते. पाया घालणाऱ्याचा माल मात्र तयार होताच मातीखाली जातो. सरकारी कामात, जे काम पुढे झाकले जाणार आहे त्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय ते बुजवू नये, असा नियम आहे. खासगी कामात घरमालक खड्ड्याच्या काठावर उभा राहतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो आणि घरी जातो. आत नेमके काय पडले हे ठेकेदाराला, मुकादमाला आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसालाच ठाऊक. काम वाईट झाले असेल तर ते भिंतीवर उमटावयास एखाददोन वर्षे लागतात, आणि तोवर दोष पायाचा, भिंतीचा की पाण्याच्या फुटक्या नळाचा, यावर वाद घालण्यास भरपूर जागा असते. म्हणून आमच्याकडचे जुने घरमालक शेवटचा हप्ता देताना म्हणत, "एक पावसाळा जाऊ द्या." त्या एका वाक्यात आमच्या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आहे. माल आज द्यावयाचा, मजुरी शनिवारी द्यावयाची आणि पैसे पावसाळ्यानंतर.

त्यातून लातूरची जमीन. आपल्या भागातली काळी माती कापसाला आणि ज्वारीला जितकी मानवते तितकीच घराला छळते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण पाहिल्याच आहेत. त्या मातीवर बसवलेला पाया दरवर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. सगळीकडे सारखा उचलला गेला तर चालेल, पण तसे होत नाही. यावर जुना उपाय एकच : काळी माती पूर्ण ओलांडून खालच्या मुरुमाला जाऊन भिडावयाचे. शहराच्या काही भागांत मुरूम चार-पाच फुटांवर लागतो, तर ओढ्याच्या काठी तो बराच खोल असतो. अशा खोल काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेले खांब शोधून काढले. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडावयाचे आणि तळाशी ते अडीच पट रुंद करावयाचे. ऋतूंचा परिणाम तेवढ्या खोलवर फारसा पोचत नाही, आणि फुगवट्यामुळे माती खांबाला वर खेचू शकत नाही. आमचे मजूर त्याला 'कांद्याचा पाया' म्हणत. हे नाव मला पुस्तकातल्या नावापेक्षा अधिक नेमके वाटते.

मुरूम लागला हे ओळखावयाचे कसे? आजोबांची रीत सोपी होती. खड्ड्यात उतरून पहार दोन्ही हातांनी उचलून तळावर सोडावयाची. काळी माती पहार गिळते, आवाज करीत नाही. मऊ मुरुमात ती 'खच्' करते. कठीण मुरुमावर मात्र पहार वाजते आणि तिचा हादरा मनगटापर्यंत येतो. चारही कोपऱ्यांत व मध्ये अशी पाच ठिकाणी पहार वाजल्याखेरीज काँक्रीट टाकावयाचे नाही, हा त्यांचा नियम. आमच्या घरात आजही एखादी गोष्ट पक्की झाली का, असे विचारावयाचे असले तर "पहार वाजली का?" असे विचारतात.

खोदाईपासून काँक्रीटपर्यंत

आम्ही माती वडार. आमच्यातले गाडी वडार दगड वाहत, जाते वडार जाती-पाटे घडवीत आणि माती वडार विहिरी, तळी, बांध व रस्त्यांचे भराव यांची माती खणीत. आजी आणि तिच्या बहिणी एकत्र जमल्या म्हणजे अजून वडारी बोलतात. तेलुगूशी नाते असलेल्या त्या बोलीतले आकडे मला येतात, बाकी फारसे येत नाही. १९७२ च्या दुष्काळात आजोबा-आजी खडी फोडण्याच्या कामावर होते. काम संपल्यावर गावी परत जाऊन करावयाचे काय, म्हणून ती दोघे लातुरात आली. बाजारपेठेचे गाव, अडत मोठी, दुकाने आणि गोदामे वाढत होती. आजोबांनी पाये खणण्याची कामे धरली. दर ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर असे. मोजणीच्या सोयीसाठी खड्ड्यात मातीचा एक ठोकळा न खणता उभा ठेवीत. त्याच्या उंचीवरून खोली मोजली जाई आणि मग तोही खणून टाकीत. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते; परंतु लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार ते मालकाच्या कारकुनाच्या आधी सांगत, असे दोन्ही मुकादम सांगतात.

या काळात आजोबा ठेकेदार नव्हतेच, मजुरांच्या टोळीचे म्होरके होते. काँक्रीट टाकावयाचे झाले तरी सिमेंट मालकाचे असे, कारण सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्हींवर सरकारी नियंत्रण होते. परवान्याशिवाय सिमेंट मिळत नसे, आणि परवाना घर बांधणाऱ्याच्या नावाने निघे. ज्याच्याकडे सिमेंट नाही तो मालासह ठेका घेणार कसा? आमच्या व्यवसायाच्या वाढीतली ही पहिली अडचण पैशाची नव्हती, परवान्याची होती. ते सिमेंट किती मोलाचे होते हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. सिमेंटच्या वाटपावरून गाजलेल्या मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यानंतर तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले, एवढे आठवले तरी पुरे.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. कारखान्यांनी ठरावीक भाग सरकारी दराने द्यावयाचा व उरलेला खुल्या बाजारात विकावयाचा, अशी ती व्यवस्था होती. संपूर्ण नियंत्रण १९८९ मध्ये गेले. १९८२ मध्येच उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे ठिकाण झाले म्हणजे कचेऱ्या आल्या, कर्मचाऱ्यांची घरे आली, आणि त्यांच्या मागोमाग दुकाने आली. अशा रीतीने एकाच वर्षी माल खुला झाला आणि मागणीही वाढली. आजोबांनी खोदाई आणि काँक्रीट मिळून पहिला ठेका घेतला तो याच सुमारास. एका दुमजली दुकान-घराचा तो पाया होता. सिमेंट उधार मिळाले. दुकानदाराने आजोबांच्या ऐपतीवर विश्वास ठेवला नव्हता. ज्यांचा पाया पूर्वी आजोबांनी खणला होता त्या एका शाळामास्तरांच्या शब्दावर त्याने पोती दिली.

तेव्हा मिक्सर नव्हता. लोखंडी पत्र्यावर एकास दोन आणि दोनास चार या प्रमाणात सिमेंट, वाळू, खडी कोरडी कालवावयाची, मग पाणी शिंपडीत फावड्याने तीनदा पालथी करावयाची. पाणी जास्त घातले की काम सोपे होते आणि काँक्रीट कमजोर, ही गोष्ट आजोबांना कोणी शिकवली ते कळत नाही. पण पाण्याच्या बादलीपाशी ते आजीलाच उभी करीत. मजूर पाणी मागत आणि आजी नाही म्हणे. पन्नास किलोंच्या पोत्याला साधारण पंचवीस लिटर पाणी पुरे, हे मी पुस्तकात वाचले तेव्हा आजीला तिचा हिशेब विचारला. तिच्या जुन्या बादलीने तो जवळजवळ तेवढाच भरला.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या आजीच्या माहेरची चार. याबद्दल आपल्या जिल्ह्यातील वाचकांना मी अधिक सांगण्याची गरज नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. भूकंपानंतर लोकांच्या तोंडी एकच शब्द होता : पाया. पाया कच्चा होता म्हणून घर पडले, अशी सर्वसाधारण समजूत झाली आणि जो-तो पायात अधिक काँक्रीट मागू लागला. वास्तविक त्या गावांतली बहुतेक घरे पाया खचून पडलेली नव्हती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांच्या दोन्ही अंगांना एकत्र बांधणारे लांब दगड नसणे, आणि वर माळवदाचा फूट-दोन फूट मातीचा भार, यांनी माणसे मारली. अभियंत्यांनी सांगितलेला खरा उपाय म्हणजे जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या व छताच्या पातळीला सळई घातलेले काँक्रीटचे सलग पट्टे, म्हणजे घराला बांधलेला करगोटाच. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली ती कामे मोठ्या संस्थांनी व मोठ्या ठेकेदारांनी केली. तेथे आमच्यासारख्यांचा निभाव लागणारा नव्हता. पण जी लाखावर घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती, त्यांत सरकार हप्त्याने मदत देई आणि काम घरमालकाने स्वतः करवून घ्यावयाचे असे. गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून बायकांची निवड झाली होती. त्या घरोघर जाऊन काय करावयाचे ते समजावीत. वडील आणि काका तेव्हा ऐन विशीत होते. दोघांनी मिळून जोत्याचे पट्टे टाकण्याची कामे घेतली. काम लहान, अंतर लांब, आणि पैसे हप्त्याचा शेरा पडल्यावर. नफा जेमतेम होता. परंतु सळई वाकवणे, रिंगा बांधणे, सळईखाली ठोकळे ठेवून आवरण राखणे आणि नकाशा वाचणे हे सारे दोघे भाऊ त्या तीन वर्षांत शिकले. आमच्या पेढीचे भांडवल म्हणून मी एखादी गोष्ट दाखवावी असे कोणी म्हटले, तर मी त्या तीन वर्षांकडे बोट दाखवीन.

१९९६ मध्ये दोघा भावांनी भागीदारीचा लेख केला. तोवर सारे आजोबांच्या नावाने चाले. भागीदारी आणि एकत्र कुटुंब यांतला भेद कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट आहे : पहिली करारातून उत्पन्न होते, दुसरे जन्मातून. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. कुटुंब तसे होत नाही. आमच्या लेखात भागीदार दोन आहेत. पण घरात विचाराल तर कोणीही सहा-सात नावे सांगेल, आणि त्यांत आजीचे पहिले असेल.

पुढची दहा-बारा वर्षे भरभराटीची गेली. येथील शिक्षणाचा 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला, बाहेरगावची मुले हजारोंनी येऊ लागली, आणि शिकवणीवर्ग व वसतिगृहे यांच्या इमारती उठल्या. आमच्याकडे एकाचे दोन मिक्सर झाले, व्हायब्रेटर आला, खोदाईला जेसीबी आला. २००० साली प्रबलित काँक्रीटच्या भारतीय मानकात सुधारणा होऊन किमान दर्जा एम-१५ वरून एम-२० झाला, तेव्हा घमेल्याच्या मापाने चालणारे काम बंद पडून मिश्रणाचा लेखी तक्ता आला. आजोबा २००४ मध्ये गेले.

चार जागा आणि दोन माणसे

आता मूळ मुद्द्याकडे येते. २०११ मध्ये पेढीची एकाच वेळी चार ठिकाणी कामे चालू होती. इतकी कामे पूर्वी कधीच नव्हती. वडील दोन जागा पाहत, काका एक. चौथीवर पगारी देखरेखनीस नेमला होता. माणूस प्रामाणिक होता, पदविकाधारक होता, हे मला प्रथमच सांगितले पाहिजे. नकाशावर लिहिले होते : खोली पाच फूट, किंवा कठीण मुरूम लागेपर्यंत. त्याने पाच फूट खणून घेतले, फीतीने मोजले, सळई बांधून घेतली आणि काँक्रीट टाकले. बहुतेक खड्ड्यांत पाच फुटांवर मुरूम होताच. दोन खड्डे मात्र एका जुन्या बुजलेल्या ओढ्यावर आले होते. तेथे पाच फुटांवर होती ती भर; वरवर मुरुमासारखीच दिसणारी.

पुढल्या पावसाळ्यानंतर त्या कोपऱ्यातल्या खिडक्यांपासून तिरप्या भेगा निघाल्या. घरमालक वडिलांकडे आले. वडिलांनी कोपऱ्याशेजारी खड्डा घेऊन पहार टाकली, ती वाजली नाही. इमारतीला टेकू देऊन, थोडे थोडे खणून, खाली मुरुमापर्यंत काँक्रीट नेऊन तो कोपरा पेलावा लागला. ते काम सहा आठवडे चालले आणि सगळा खर्च आमचा होता. एक मिक्सर विकला, घरासाठी घेतलेली जागा विकली.

या प्रकरणात मला अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटलेली गोष्ट निराळी आहे. त्या कामाच्या घनांचे, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, प्रयोगशाळेतले निकाल मी काढून पाहिले. सगळे उत्तीर्ण! अठ्ठावीस दिवसांची ताकद पाहिजे त्याहून जास्तच होती. कागदोपत्री तो पाया उत्तम होता. घन काँक्रीटची परीक्षा घेतो, काँक्रीट ज्यावर बसले त्या जमिनीची घेत नाही. आणि नकाशातल्या 'किंवा' या शब्दाचा निर्णय कोणत्याही यंत्रात होत नाही. तो खड्ड्यात उतरलेल्या माणसालाच करावा लागतो. पगारी माणसाला सहा फूट खणण्याने काही लाभ नव्हता, उलट उशीर झाल्याबद्दल बोलणीच खावी लागली असती. वडिलांना मात्र पुढचा पावसाळा दिसत असतो, कारण शेवटचा हप्ता त्यांचा असतो आणि गावात राहावयाचेही त्यांनाच असते.

रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात प्रश्न विचारला होता की, बाजारात सर्व काही विकत मिळते तर पेढ्या मुळात असतातच कशाला, आणि असतात तर त्या वाढत वाढत एकच का होत नाही? त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की बाजारात व्यवहार जुळवण्यालाही खर्च येतो, तो पेढीत वाचतो. पण पेढी वाढली की आत देखरेख करण्याचा खर्च वाढत जातो, आणि दोन्ही समान झाले तेथे पेढीची हद्द येते. आमच्या पेढीची हद्द मला हजेरीपटांत सापडली. २०११ नंतर घरात नियम झाला, की घरचे माणूस किंवा दोन जुन्या मुकादमांपैकी एक, याने स्वतः पहार टाकल्याशिवाय काँक्रीट पडावयाचे नाही. त्यानंतरच्या कोणत्याही वर्षी एकाच वेळी तीनपेक्षा जास्त जागा दिसत नाहीत. मागणी होती, यंत्रे भाड्याने मिळत होती, बँक कर्ज द्यावयास तयार होती. नव्हते ते पहार वाजली की नाही हे ऐकणारे आणखी दोन कान.

मध्ये २०१६ चा उन्हाळा येऊन गेला, त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. ज्या गावात पिण्याचे पाणी रेल्वेने येते तेथे काँक्रीटला पाणी कोण देणार, आणि मागावे तरी कोणत्या तोंडाने? टाकलेले काँक्रीट किमान सात दिवस ओले ठेवावे लागते. वडिलांनी अर्धी कामे थांबवली. जेथे खड्डे खणून झाले होते तेथे ते तसेच उघडे ठेवण्यात धोका होता, म्हणून तेवढी भरून घेतली आणि वर ओली पोती पसरून त्यावर प्लास्टिक अंथरले. पोती ओली करावयाचे पाणी आजी घरातल्या धुण्या-भांड्यांचे साठवून ठेवी. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या, आणि शनिवारचा पगार हा प्रश्न झाला. तो उधारीच्या किराण्यावर सुटला, पण ती कथा सर्वांच्याच घरची आहे.

वहीत नसलेला खर्च

अर्थशास्त्रात व्यक्त खर्च आणि अव्यक्त खर्च असा भेद करतात. मजुरी, सिमेंट, सळई, डिझेल, व्याज हे व्यक्त. मालकाने स्वतःचे श्रम, स्वतःची जागा वापरली आणि तिचे मोल धरले नाही, तर ते अव्यक्त. आमच्या वह्यांत दोघा भागीदारांचा पगार कधीच लावलेला नाही; वर्षाअखेरीस उरेल तो नफा. पण हा अव्यक्त खर्च दोघांपुरता थांबत नाही. रात्री सिमेंटच्या पोत्यांची राखण आजीने वर्षानुवर्षे केली; पाऊस आला की उठून पोती झाकली. ओलावा लागलेले पोते गोटून जाते आणि फुकट जाते, हे तिला एकदाच पाहावे लागले. ताज्या पायाला सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे हे तिचे, नंतर आईचे आणि काकूचे काम. आईने चौदा वर्षे हजेरीची वही ठेवली. तिच्या रेघा मी या अभ्यासात वापरल्या आहेत. परगावच्या मजुरांचा स्वयंपाक, उचल दिलेल्यांची नोंद, आजारी पडलेल्याला दवाखाना, हे सारे घरातून झाले. मी एका वर्षाचा हिशेब घेऊन या कामांना बाजारातली मजुरी लावून पाहिली. त्या वर्षीचा नफा निम्म्याहून खाली आला. वडिलांना तो कागद दाखवला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मग आपण धंदा करतो ते काय?" काका म्हणाले, हिशेब बरोबर आहे, पण असे धरले तर कोणताही पाया परवडणार नाही.

माझ्या मते काकांचे म्हणणे खरे आहे आणि तेच चिंतेचे कारण आहे. ज्या कुटुंबात बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे श्रम मोफत मिळतात, त्याच कुटुंबाचा दर निविदेत सर्वांत कमी असतो. म्हणजे गिऱ्हाईकाला जी स्वस्ताई मिळते तिची किंमत आजी भरते. शिवाय हे भांडवल पुढच्या पिढीत आपोआप जात नाही. माझा चुलतभाऊ पदविका घेऊन पुण्यात एका मोठ्या कंपनीत लागला आहे, त्याला परत यावयाचे नाही. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. मालमत्ता वाटता येते. पहारीचा कान कसा वाटावयाचा, याचे उत्तर त्या कायद्यात असणे शक्यही नाही. तो शिकावा लागतो, आणि मुलीने खड्ड्यात उतरून शिकावे की नाही यावर आमच्या घरात दोन वर्षे चर्चा चालू होती. आजी एकटी हो म्हणत होती.

यंदा आमच्या पुढे नवे काम आले. ओढ्याकाठी एका वसतिगृहाची सात मजली इमारत. तेथे काळी माती आणि भर इतकी खोल आहे की उघडा खड्डा शक्यच नाही. यंत्राने खोल भोके पाडून काँक्रीटचे खांब भरावे लागतात. यंत्र भाड्याचे, चालक परगावचा, काँक्रीट तयार स्वरूपात गाडीतून येणार आणि नळीने तळापासून वर भरत जाणार. साठ सेंटिमीटर रुंदीच्या त्या भोकात कोणी उतरू शकत नाही. आमची पेढी ज्या एका गोष्टीवर उभी राहिली तिला तेथे वावच नाही. तळ लागला की नाही हे यंत्राच्या वेगावरून, वर येणाऱ्या मातीवरून आणि शेवटी भार-चाचणीवरून ठरवावे लागते. प्रत्यक्ष इमारतीतल्या निवडक खांबांवर ठरलेल्या भाराच्या दीडपट भार ठेवून तो किती बसतो हे मोजतात. काकांचे मत, हे काम घेऊ नये. वडिलांचे मत, आज घेतले नाही तर दहा वर्षांनी शहरात आपल्याला खणावयास काही उरणार नाही. मला दोघांचेही पटते. घरात मतदान घेण्याची पद्धत नाही. वडील थोरले, म्हणून काम घेतले.

माझ्याकडे पिशव्यांचे काम आले आहे. भोक पाडताना दर मीटरला वर येणारी माती प्लास्टिकच्या पिशवीत भरावयाची, वर खांबाचा क्रमांक, खोली, वेळ लिहावयाची आणि वहीत नोंद करावयाची. काम सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या चाचणी-भोकाच्या पिशव्या मी घरी आणून ओट्यावर ओळीने मांडल्या होत्या. अभियंत्यांनी नवव्या मीटरवर थांबावयास हरकत नाही असे सांगितले होते. आजी आली, खाली बसली आणि एकेक पिशवी उघडून माती बोटांत चुरून पाहू लागली. नवव्या पिशवीपाशी थांबली. त्यातला एक खडा तिने दातांखाली धरून पाहिला आणि म्हणाली, मुरूम आहे, पण अजून कुजका आहे. दहावी पिशवी नव्हतीच.

काकांनी दुसऱ्या दिवशी यंत्रवाल्याला चाचणी-भोक अर्धा मीटर आणखी न्यावयास सांगितले. कठीण थर साडेनऊला लागला. अभियंत्यांनी नोंद बदलली आणि सर्व खांब तेवढे खोल न्यावयाचे ठरले. दर मात्र नऊ मीटरला ठरलेला होता. त्या अर्ध्या मीटरचे पैसे बिलात धरलेले नाहीत.